वाट वाकडी करून

फ्रीमँटलमध्ये रात्रीचे साडेनऊ.
ताटल्यांत अजून सार्डिनचे काटे,
आणि डिनोने लॅपटॉप पुढ्यात ओढलाय.
पडद्यावर दोन खिडक्या, शेजारी शेजारी :
एकीत पर्थ ते रोम, एका दमात, सोळा तास.
दुसरीत मधे दोहा, पाच तास दहा मिनिटं,
आणि पाच जणांचे मिळून बावीसशे डॉलर वाचतात.

बावीसशे म्हणजे छताचा गळका कोपरा, मी म्हणते.
शिवाय रेमोला सोळा तास खुर्चीला बांधायला नको,
हे जरा हळू म्हणते, कारण रेमो टेबलाखाली आहे
आणि सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं नाव बरोब्बर ऐकू येतं.
टेस्सा फोनमधून मान वर न काढता :
"मधेच उठवलंत तर मी कुणाशी बोलणार नाही."
तशी ती मार्चपासून बोलत नाहीच.

डिनोला थेट हवंय. त्याला सगळंच नाकासमोर लागतं.
सामान एकदा टाकायचं, एकदाच उचलायचं.
मागे क्वालालंपूरला आम्ही धावलो होतो,
माझ्या पायात एकच बूट, कडेवर मूल,
आणि हा वीस पावलं पुढे, सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन.
ते त्याने अजून मला माफ केलेलं नाही.
मीही त्याला.

उरले सासरे.
साव्हेरिओ, एक्क्याऐंशी, पायात रक्ताच्या गाठींची भीती,
डॉक्टर म्हणाल्यात, तासा-दोन तासांनी चालवा.
तेव्हा त्यांचं मत माझ्याच बाजूचं, असं मी धरून चालले होते.
ते पावाच्या तुकड्याने ताटलीतलं तेल टिपत होते.
"वाटेत उतरायचं?" त्यांनी विचारलं,
आणि तो तुकडा तसाच हातात राहिला.

मोल्फेत्ताहून ते जहाजाने आले, अकराव्या वर्षी.
हे आम्हाला माहीत होतं.
पोर्ट सईदला धाकट्या नुन्त्सियाच्या अंगावर गोवर उठला
आणि तिला आईसकट उतरवलं, हे माहीत नव्हतं.
जहाज थांबत नाही.
आईने मुलाला गावच्या एका नव्या नवरीच्या हवाली केलं,
जी फोटोतल्या नवऱ्याकडे निघाली होती
आणि एडनपर्यंत त्याच्यापेक्षा जास्त रडली.
"धक्क्यावर आई लहान होत गेली," ते म्हणाले,
"मी तिच्या रुमालाकडे बघत होतो. मग तो कुणाचाही रुमाल झाला."

चार महिन्यांनी दोघी आल्या.
नुन्त्सिया धडधाकट, गोलमटोल, आणि पावाला 'एश' म्हणणारी.
बापाला ओळखेना, पण एश मागत होती.
अजूनही मागते, स्पिअरवुडच्या बेकरीत,
आणि काउंटरवरची पोरगी न विचारता देते.
आम्हाला वाटायचं, आत्याचं आपलं काहीतरी.

कुणी काही बोललं नाही.
टेस्साचा फोन टेबलावर पालथा पडला होता.
डिनो खिडक्यांकडे बघत होता, खऱ्या की खोट्या, कळलं नाही.
मग मीच म्हटलं, राहू दे, थेटच घेऊ,
छत काय, आणखी एक पावसाळा निघेल.

"नाही," सासरे म्हणाले. "थांबा घ्या.
इतक्या लांब जायचं तर जरा वाट वाकडी करावी.
तिथला पाव खाऊन बघू.
फक्त विमानातून उतरताना मी सगळ्यांत शेवटी.
आणि पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे."

डिनोने पान ताजं केलं.
गोष्ट ऐकेपर्यंत माणशी अडतीस डॉलरने भाडं वाढलं होतं.
"एकशे नव्वद," तो म्हणाला, सवयीने,
आणि नावं टाइप करायला लागला, पासपोर्टवर आहेत तशी.

सासऱ्यांनी तो पावाचा तुकडा तोंडात टाकला,
चावत चावत आमच्यावरून बोट फिरवलं,
एक, दोन, तीन, स्वतःच्या छातीवर चार,
मग टेबलाची कड धरून, गुडघे कुरकुरत,
खाली वाकले.